दुसऱ्या सहीची गोष्ट : गोव्याच्या गावात घडणारी पुनर्भेटीची प्रेमकादंबरी कशी लिहावी

एकेकाळी जवळ आलेली दोन माणसे दुरावतात आणि काही वर्षांनी त्याच गावात पुन्हा समोरासमोर येतात, एवढ्या सूत्रावर उभ्या राहणाऱ्या प्रेमकादंबऱ्या वाचक आवडीने वाचतात. लिहायला त्या सोप्या वाटतात आणि तिथेच अनेक जण फसतात. दोष बहुधा पुनर्भेटीच्या प्रसंगात नसतो, पहिल्या दुराव्यात असतो. पत्र हाती पडले नाही, आत्याने खोटे सांगितले, कोणाला तरी कोणाबरोबर पाहिले, अशा गैरसमजावर दुरावा रचला तर दोघे भेटताच चहा संपायच्या आत खुलासा होऊ शकतो. मग उरलेली दोनशे पाने लेखक तो खुलासा लांबवण्यात घालवतो आणि वाचकाला ते कळते. म्हणून या लेखातला मुख्य आग्रह असा, की पहिला दुरावा त्या वेळी दोघांच्याही बाजूने रास्त असावा. तसा तो असेल तरच पुन्हा एकत्र येण्यासाठी दोघांना बदलावे लागते, आणि त्या बदलाचा माग घेणे हेच या प्रकारच्या कादंबरीतले साहित्यिक काम आहे.

पहिली पायरी : दुराव्याचे कारण

गोव्यात असे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणबंदीचा आदेश दिला. डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे तालुक्यांत कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. हप्ते मात्र थांबले नाहीत. यातल्या कायद्याच्या आणि पर्यावरणाच्या बाजू कादंबरीत मांडण्याची गरज नाही. एका घरातले गणित महिन्याभरात कसे उलटले, एवढे पुरते.

याला गोव्याच्या विवाह नोंदणीची जोड द्यावी. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे येथे विवाहाची नागरी नोंदणी सक्तीची आहे आणि ती दोन टप्प्यांत होते. आधी दोघांनी निबंधकासमोर जाऊन विवाहाचा इरादा जाहीर करायचा, त्यावर हरकती मागवल्या जातात, आणि मधला अवधी गेल्यावर साक्षीदारांसह पुन्हा येऊन विवाह कायम करायचा. लोक त्याला सरळ पहिली सही आणि दुसरी सही म्हणतात. या दोन सह्यांमधले दिवस कादंबरीकाराच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत, कारण त्या काळात दोन माणसे धड अविवाहितही नसतात आणि विवाहितही नसतात, आणि सगळ्या गावाला ते ठाऊक असते.

पुढील सर्व पायऱ्यांसाठी एकच कल्पित कथानक घेऊ. ऑगस्ट 2012 मध्ये डिचोली तालुक्यातल्या एका गावातील सुलक्षा आणि गुरुदास पहिली सही करतात. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 19 सप्टेंबरला आहे; तिच्या तोंडावर खाणी थांबतात. वेगळा करार केलेला नसेल तर गोव्यात विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते, हे गुरुदासला माहीत आहे, आणि ज्या घरातून दर महिन्याला बँकेचा हप्ता जायचा आहे त्या घराशी सुलक्षाचे नाव जोडायला तो तयार होत नाही. तो पळून जात नाही. तिच्या घरी येऊन, तिच्या वडिलांसमोर बसून हे सांगतो. सुलक्षाला पुण्यात नोकरी मिळालेली आहे. दोघांच्या आयुष्याचा निर्णय जो माणूस एकट्याने घेतो तो पुढेही तसाच घेत राहील, असे तिला वाटते आणि ती जाते. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही, आणि दोघांचेही चुकलेले नाही.

कारण पक्के झाले की नाही हे पाहण्याची एक रीत आहे. दोन्ही पात्रांच्या बाजूने एकेक पान प्रथमपुरुषी लिहावे, ते कादंबरीत येणार नाही असे धरून. एक पान वाचताना दुसऱ्या पात्राचा राग आला आणि दुसरे वाचताना पहिल्याचा, तर काम झाले. दोन्ही पाने वाचून राग एकाचाच येत असेल तर कारण बदलावे. पात्राला गोड स्वभाव चिकटवून ती त्रुटी झाकता येत नाही.

दुसरी पायरी : सालांचा तक्ता

मधल्या वर्षांना साहित्यिक कादंबरीत मोठे वजन असते. एका मोठ्या कागदावर डावीकडे साल, मधे गोव्यात काय घडले आणि उजवीकडे दोघांच्या आयुष्यात काय घडले, असे तीन रकाने करावेत. मार्च 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या. जानेवारी 2019 मध्ये मांडवीवर अटल सेतू खुला झाला. 2020 ची टाळेबंदी सगळ्यांच्या वाट्याला आली. जानेवारी 2023 पासून मोपा विमानतळावरून विमाने उडू लागली, त्यामुळे डिचोलीच्या माणसाला घरी येण्यासाठी दाबोळीचा वळसा उरला नाही. 2024 ची चवथ 7 सप्टेंबरला होती. सुलक्षाला त्या चवथीला घरी आणायचे असेल तर तिची वाट, तिचे वाहन आणि वाटेत तिला अनोळखी वाटणारे पूल या तक्त्यातून आपोआप मिळतात. कथानक जुन्या काळात ठेवणाऱ्याने 1986 चा विचार करावा. त्या वर्षी मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजी गाठण्यासाठी लोकांना फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला. दोन काठांवरच्या दोन माणसांसाठी तेवढे पुष्कळ आहे.

बारा वर्षे दोघे एकमेकांची वाट पाहत बसले होते, असे मात्र दाखवू नये. ते वाचताना गोड वाटते, पण त्याने दोन्ही पात्रे त्या जुन्या सप्टेंबरमध्येच अडकून पडतात. आपल्या कथानकात सुलक्षाने पुण्यात लग्न केले, ते टिकले नाही आणि परस्पर संमतीने घटस्फोट झाला; पूर्वीचा नवरा दुष्ट नव्हता. गुरुदासने 2018 नंतर ट्रक विकला, कर्ज फेडले आणि तो कदंब महामंडळाच्या बसवर चालक झाला. या नोकरीचा कथानकाला थेट उपयोग आहे: त्याची बस ठरलेल्या वेळी तिच्या घरावरून जाते, त्यामुळे भेटी योगायोगाने घडवून आणाव्या लागत नाहीत.

तिसरी पायरी : गाव

गावाचे नाव कल्पित ठेवावे, पण तालुका, नदी, बाजार आणि बसचा रस्ता खरा असावा. म्हणजे कोणा खऱ्या घराण्यावर बोट येत नाही आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार जिथे आहे तिथेच राहतो. गावाचा नकाशा काढून नायिकेच्या घरापासून देवळापर्यंत, देवळापासून तिठ्यापर्यंत आणि तिठ्यापासून पंचायतीपर्यंत पायी किती वेळ लागतो ते लिहून ठेवावे. कोण कोणाच्या अंगणातून दिसतो हेही ठरवावे, कारण छोट्या गावातली प्रेमकथा ही बरीचशी दिसण्याची आणि दिसून येण्याची कथा असते.

समुद्रकिनारा, गिटार आणि फेणी यांच्यापासून दूर राहिलेलेच बरे. महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात तो गोवा आधीच तयार आहे, आणि लेखकाने त्यात भर घातली तर त्याची पात्रे पर्यटकांसारखी वागू लागतात. खाणपट्ट्यातल्या गावाचे स्वतःचे रूप आहे: मातीचे ढिगारे, पावसात त्यांच्यावरून शेतात उतरणारे लाल पाणी, कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पोफळीखालचा थंडावा, पहाटे सायकलवरून भोंगा वाजवीत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला. सांगे तालुक्यातल्या कुर्डीबद्दल एक इशारा द्यायला हवा. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले आणि दर मे महिन्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडणारे हे गाव पुनर्भेटीच्या कथेला इतके चपखल बसते, की प्रत्येक लेखकाचा हात तिकडे वळतो. पात्रांपैकी एखाद्याचे घर खरोखर तिथे बुडालेले असेल आणि त्या कुटुंबाचे वालकिणीला झालेले पुनर्वसन कथेत येणार असेल तर अवश्य लिहावे; नुसते प्रतीक म्हणून दोघांना तिथे फिरायला पाठवू नये.

चौथी पायरी : येण्याचे निमित्त आणि थांबण्याचे कारण

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नवे लेखक त्या एक करून टाकतात. येण्याचे निमित्त चवथ. गोव्यातला हिंदू माणूस वर्षभर कुठेही असो, चवथीला मूळ घरी येतो, त्यामुळे सुलक्षाच्या येण्याचे कारण कोणालाही सांगावे लागत नाही. पण चवथ संपल्यावर ती पुण्याला का परतत नाही, याला भक्कम आणि शक्यतो कंटाळवाणे कारण हवे. वडिलांच्या मृत्यूनंतर घराची वाटणी राहिली आहे. गोव्याच्या वारसा कायद्यानुसार मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तिच्या सहीवाचून काही पुढे सरकत नाही. आणि पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडला गेलेल्या धाकट्या भावाचे मुखत्यारपत्र यायचे आहे. कागद यायला जितका उशीर, तितके दिवस लेखकाच्या हाती.

आता या कागदांना प्रेमकथेशी बांधावे. गुरुदासचे कुटुंब सुलक्षाच्या घराण्याच्या भाटात, म्हणजे बागायती जमिनीत, मुंडकार म्हणून, मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून, राहत आलेले आहे. 1975 च्या कायद्याने मुंडकाराला राहत्या घरातून मनमानीने बाहेर काढता येत नाही आणि घराची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला मिळालेला आहे, पण गुरुदासच्या वडिलांचा अर्ज मामलेदार कार्यालयात पडून आहे. सुलक्षाच्या थोरल्या भावाला ते सगळे भाट बाहेरच्या खरेदीदाराला विकायचे आहे. भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, मुलगी आणि मुंडकाराचा मुलगा यांच्यातले अंतर 2012 मध्ये कोणी तोंडाने बोलले नव्हते; आता ते सर्व्हे क्रमांकासह टेबलावर येते. तिने वाटणीपत्रावर सही केली तर तिचा हिस्सा मोकळा होतो आणि त्याचे घर अडचणीत येते. प्रेमकथेला आतून ताण मिळतो तो असा.

एवढे झाल्यावर चौथा विषय आणू नये. खाणबंदी, वाटणी आणि मुंडकारी हे तीनही एकाच गोष्टीचे, म्हणजे कोणाच्या पायाखाली कोणाची जमीन आहे याचे, धागे आहेत. त्यात भाषावादाचा एखादा अध्याय किंवा राजकारणी मामा घुसला की कादंबरी निबंध होते. कायदाही पानावर फाईल, शिक्का, रांग आणि सही या रूपातच यावा. निबंधक आणि मामलेदार कार्यालयांतली पद्धत, सह्यांमधला अवधी आणि लागणारी कागदपत्रे कथानकाच्या सालानुसार प्रत्यक्ष विचारून घ्यावीत. त्या काळच्या बातम्यांसाठी पणजीतल्या पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळावीत. बातम्यांपेक्षा जाहिराती आणि नाटकांच्या सूचना अधिक कामाला येतात.

पाचवी पायरी : भूतकाळ थोडा थोडा

पुनर्भेटीच्या कादंबरीत वाचकाला दोन प्रश्न पडलेले असतात: तेव्हा काय झाले, आणि आता काय होईल. पहिल्याचे उत्तर लवकर संपवले तर दुसऱ्यातला जोर जातो. फार दडवले तर वाचक चिडतो. माझ्या मते घटना पहिल्या तीस पानांतच सांगून टाकावी, ती गावातल्या कोणाच्या तरी तोंडून, अर्धवट आणि थोडी चुकीची. दडवायचा असतो तो घटनेचा अर्थ. त्यासाठी एकच प्रसंग, आपल्या कथानकात गुरुदास वडिलांसमोर बसून नकार देतो तो, कादंबरीत तीनदा आणावा. पहिल्यांदा सुलक्षाच्या आठवणीत, जिथे तिला फक्त त्याचा चेहरा आठवतो. दुसऱ्यांदा पुस्तकाच्या मध्यावर गुरुदासच्या बाजूने, जिथे कळते की तो मुंडकाराचा मुलगा आयुष्यात पहिल्यांदाच त्या घरात खुर्चीवर बसला होता. तिसऱ्यांदा सुलक्षाच्या आईच्या बोलण्यात, जिथे कळते की तो गेल्यावर वडील बराच वेळ त्या खुर्चीकडे पाहत होते आणि म्हणाले, "पोराने हिशेब बरोबर केला." नवी घटना एकही नाही, तरी वाचकाच्या मनातला न्याय प्रत्येक वेळी हलतो.

पहिल्या भेटीचे गद्य कसे असावे, याचा नमुना पाहू. "बारा वर्षांनी त्याला पाहताच तिच्या काळजाचा ठोका चुकला" या वाक्यातून वाचकाला तिच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल:

"बस तिठ्यावर थांबली तेव्हा तिने पिशवी आधी खाली ठेवली आणि मग उतरली. चालकाच्या खिडकीतून बाहेर आलेला कोपर तिने पाहिला. कोपराजवळची जुनी जखम, ट्रकच्या फाळक्यात सापडलेली, आता पांढरी झाली होती. सुट्टे पैसे देण्याचे राहिले म्हणून ती पुढे गेली नाही. वाहकानेच मागून हाक मारली."

येथे भावनेचे नाव नाही, पण ती त्याला कशावरून ओळखते, किती जवळून ओळखत होती आणि आता काय टाळते आहे, हे तिन्ही वाचकाच्या हाती पडते. साहित्यिक वळण म्हणजे विशेषणांची वाढ, असा समज असेल तर तो याच टप्प्यावर सोडावा.

सहावी पायरी : संवाद

गोव्यातल्या मराठी कादंबरीकाराची खरी कसोटी संवादात लागते. घरात कोकणी, आरती, नाटक आणि वर्तमानपत्र मराठी, कचेरीत इंग्रजी, अशी ही माणसे. त्यांना पुण्याच्या बैठकीतली मराठी बोलायला लावली तर गोव्यातला वाचक पुस्तक मिटतो; सगळे संवाद कोकणीत ठेवले तर घाटावरचा वाचक अडखळतो. आधी एक तक्ता करावा: कोण कोणाशी कशात बोलतो. माझी पसंती अशी, की निवेदन प्रमाण मराठीत असावे, घरातले छोटे, रोजचे संवाद कोकणीत राहू द्यावेत आणि लांब बोलणी गोव्याच्या लयीच्या मराठीत यावीत. "केन्ना पावली?" "काल." "जेवण जालें?" "जालें." एवढे घाटावरच्या वाचकालाही सहज उमगते, आणि कंसात अर्थ देण्याची वेळ येत नाही.

या मांडणीचा प्रेमकथेलाही लाभ होतो. परत आलेली सुलक्षा गुरुदासशी पहिले काही दिवस जाणूनबुजून पुण्याची मराठी बोलते, तोही वाटणीच्या कागदांबद्दल बोलताना तिला "तुम्ही" म्हणतो. गावातली म्हातारी तिला "गो बाय" म्हणत राहते. ज्या प्रसंगात सुलक्षाच्या तोंडून नकळत कोकणी "रे" निघून जाते, तो प्रसंग चुंबनापेक्षा मोठा होतो. तो कोणत्या अध्यायात येणार हे आधीच ठरवून ठेवावे आणि त्याआधी एकदाही सवलत घेऊ नये.

सातवी पायरी : मधली शंभर पाने

बहुतेक हस्तलिखिते इथे बसकण मारतात, कारण दोघांना एकत्र आणण्यासाठी लेखकाकडे प्रसंग उरत नाहीत. गोव्याच्या गावात त्यांची वाण नाही. चवथीला घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने आरत्या म्हणणारी मंडळी घरोघर फिरतात. गुरुदास त्यांच्यात शामेळ हे तालवाद्य वाजवत असेल तर त्याला सुलक्षाच्या घरी यावेच लागते, आणि गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली उभे राहून, तिच्या भावाच्या देखत, तासभर वाजवावे लागते. कोणी कोणाशी बोलत नाही, तरी प्रसंग भरलेला राहतो. त्यानंतर जत्रेचे नाटक. गोव्यातल्या गावोगावी देवळाच्या उत्सवात गावकरी स्वतः मराठी नाटक उभे करतात, आणि त्याच्या तालमी रात्री जेवणे आटोपल्यावर देवळाच्या मंडपात चालतात. सुलक्षाला प्रॉम्प्टिंगला बसवावे. गुरुदासला रंगमंचावर संवाद आठवेनासा होतो आणि ती विंगेतून तो पुरवते, ही रचना लेखकाने स्वतः शब्दांत उलगडून सांगू नये; ती दिसते.

गावालाही स्वतःचे मत असावे. गाव म्हणजे चौकसपणा करणाऱ्या चार बायका, ही सोय फार वापरून झालेली आहे. या गावातल्या काहींना भाट विकले जावे असे वाटते, कारण त्यांनाही आपला तुकडा विकायचा आहे. काहींना गुरुदासचा अर्ज मंजूर व्हावा असे वाटते, कारण त्यांचेही अर्ज पडून आहेत. दोघांच्या जवळ येण्याने कोणाचे काय जाणार आणि कोणाला काय मिळणार, हे प्रत्येक दुय्यम पात्रापुढे एका ओळीत लिहून ठेवले की संवाद आपोआप धारदार होतात.

आठवी पायरी : दुसरी जखम आणि शेवट

शेवटाआधी दोघांना पुन्हा एकदा दुरावायचे असते, आणि या वेळी भूमिका उलटाव्यात. 2012 मध्ये गुरुदासने तिला न विचारता निर्णय घेतला. आता सुलक्षा त्याला न विचारता वाटणीपत्रावर सही नाकारते, आपला हिस्सा अडकवून घेते, आणि त्याला ते उपकारासारखे लागते. तिने जो दोष त्याच्यात पाहिला होता तो तिच्या हातून, प्रेमापोटी, घडतो. येथून सुटका फक्त एकाच मार्गाने होऊ शकते: दोघांनी एका टेबलाशी बसून, आकडे मांडून, भावाला काय द्यायचे आणि मामलेदाराकडे काय मांडायचे हे एकत्र ठरवायचे. वाचकाला हवी असलेली जवळीक त्या रात्रीच्या हिशेबात येऊ द्यावी. पावसात धावत येणे नको.

शेवट सुखाचा असावा. या प्रकारच्या वाचकाशी तो केलेला करार आहे, आणि साहित्यिक दिसण्यासाठी शेवटच्या पानावर एकाला मारणे हा आळस आहे. बारा वर्षांपूर्वीच्या घोषणेवर आता दुसरी सही होत नाही. दोघांना पहिल्या सहीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. हा तपशील निबंधकांकडून पडताळून घेऊन कादंबरी तिथेच, दोन सह्यांच्या मधल्या दिवसांत संपवावी. उपसंहार, मूल, पाच वर्षांनंतरचे दृश्य, यांतले काहीही जोडू नये.

नववी पायरी : पाने आणि वाचक

साठ हजार शब्दांचा अंदाज धरावा. डेमी आकारात ती साधारण अडीचशे पाने होतात. रोज तीनशे शब्द लिहिले तर दोनशे दिवसांत पहिला खर्डा पुरा होतो. वाटणीचा अध्याय आणि नकाराचा तीनदा येणारा प्रसंग आधी लिहावा, बाकीचे त्यांच्याभोवती बसवावे. नाटकातली पदे किंवा चित्रपटगीते उद्धृत करताना लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो हे ध्यानात ठेवावे. पारंपरिक आरत्यांना ती अडचण नाही. पुस्तक स्वतः काढणाऱ्याला आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो.

हस्तलिखित दोनच माणसांना द्यावे: एक त्याच तालुक्यातला, शक्यतो खाणीवर ट्रक चालवलेला किंवा त्या घरातला, दुसरा गोवा फक्त सुट्टीत पाहिलेला महाराष्ट्रातला वाचक. पहिल्याला विचारावे, की हप्ता, चवथ, तालीम आणि मामलेदार कचेरी यांत कुठे खोटे वाटले. दुसऱ्याला विचारावे, की कोणत्या पानावर वाचन थांबले. दोघांनाही, स्वतंत्रपणे, एक प्रश्न समान विचारावा: 2012 मध्ये कोणाचे चुकले? उत्तरे वेगवेगळी आली तर खर्डा प्रकाशकाकडे पाठवण्याजोगा झाला आहे. दोघांनी एकाच पात्राचे नाव घेतले तर पहिल्या पायरीवरची दोन पाने पुन्हा लिहायला घ्यावीत.